मावशींची बंद पेटी

मावशी नारळ फोडून पाहिल्याशिवाय विकत घेत नसत. बालीगंजच्या बाजारातला नारळवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की पोत्यावर आडवा होऊन झोपेचं सोंग घ्यायचा. त्या त्याला हलवून उठवायच्या, नारळ कानाशी नेऊन खुळखुळवायच्या, टिचकी मारायच्या आणि मग म्हणायच्या, "फोड." नासका निघाला तर पैसे नाहीत. चांगला निघाला तर, "बघ, उगाच घाबरत होतास." हे सगळं बंगालीत, पण असल्या कोल्हापुरी ठसक्याच्या बंगालीत की आजूबाजूचे भाजीवाले हातातलं काम टाकून ऐकत बसायचे.

बँकेने माझी कोलकात्याला बदली केली तेव्हा मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले. प्रत्यक्षात बघणं त्यांनी केलं. मला समोर बसवून पोळी, वांग्याची भाजी आणि आमटी वाढली आणि मी कशी जेवते ते पाहत राहिल्या. मी वांग्याचं देठसुद्धा चोखलं. "ये उद्यापासून," त्या म्हणाल्या. ताटात टाकणारी माणसं पुढे भाडंही बुडवतात, असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्या दिवशी मी त्यांना आजी म्हटलं. त्या पंचाहत्तरीच्या पुढे होत्या, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. "आजी म्हणायला पुण्यात माझी नात आहे," त्या म्हणाल्या, "तिलाच वेळ होत नाही, तू कशाला तिचं काम करतेस?" सगळी गल्ली त्यांना माशिमा म्हणायची, म्हणून मी मावशी म्हणू लागले. ते मात्र त्यांनी चालवून घेतलं.

त्यांचा कशावरही सांगोवांगी विश्वास बसत नसे. डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला पट्टा काढला की त्या म्हणायच्या, "आधी स्वतःचा मोजा, यंत्र बरोबर आहे का कळू दे." नवा फ्रिज आला तेव्हा माणसं जिना उतरायच्या आत त्याची मागची जाळी खोलून झाली होती. मिठाईच्या दुकानात संदेशाचा एक तुकडा चाखल्याशिवाय त्या खोकं बांधू देत नसत, आणि चाखताना डोळे मिटून इतका वेळ घेत की मागची रांग बाहेरच्या फूटपाथवर जायची. रहस्यकथांचं शेवटचं पान आधी वाचायच्या आणि मग निवांतपणे पहिल्या पानापासून सुरुवात करायच्या. मी एकदा विचारलं, "मग मजा कसली?" तर म्हणाल्या, "अर्धवट कळलेली गोष्ट घरात ठेवू नये गं. झोप लागत नाही."

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या हाताला माप नव्हतं. चहात साखर, वरणात हिंग, दुसऱ्याच्या संसारात सल्ला, सगळं सढळ.

त्याचा प्रसाद मला पहिल्याच खंडेनवमीला मिळाला. बाहेर दुर्गापूजेच्या मंडपात ढोलासारखे ढाक वाजत होते, आणि आत मावशींनी पाटावर लाल कापड घालून घरातली सगळी शस्त्रं मांडली होती. विळी, कात्री, अडकित्ता, यजमानांचे जुने पाने आणि पक्कड. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये इंजिनियर होते, लग्न होऊन मावशी कोलकात्याला आल्या त्या कायमच्या.

"तुझं शस्त्र आण," त्या मला म्हणाल्या.

मी लॅपटॉप आणला आणि पाटावर ठेवला.

"उघड तो. मिटलेल्याची कसली पूजा?"

मी उघडला. त्यांनी हळद वाहिली, ओलं कुंकू लावलं, आणि मग मूठ भरून अक्षता अशा काही टाकल्या की कळफलक दिसेनासा झाला. पुढे कित्येक महिने माझ्या लॅपटॉपची काही बटणं दाबली की करकर आवाज यायचा. दुरुस्तीवाल्याने तो उलटा करून आपटला तेव्हा टेबलावर पिवळे तांदूळ पडले. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

पण त्या दिवशी माझं लक्ष दुसरीकडे होतं. पाटाच्या मधोमध एक पितळी कुलपाची लाकडी पेटी होती, आणि तिची पूजा मात्र बंदच चालली होती. झाकणावर हळद, झाकणावर कुंकू.

"ह्यात काय आहे?"

"रिव्हॉल्व्हर," मावशी म्हणाल्या. लोणचं आहे म्हणावं तसं.

"आणि ही का मिटलेली?"

त्यांनी आरतीचं ताट माझ्या हातात दिलं.

हळूहळू कळत गेलं. मिलचा इंग्रज मॅनेजर देश सोडून परत जाताना सामान विकत होता, त्याच्याकडून यजमानांनी ते घेतलं होतं. त्यानेही ते कधी वापरलं नव्हतं, यजमानांनीही नाही. यजमान गेल्यावर परवाना मावशींच्या नावावर झाला. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात, आणि आपल्याकडे निवडणुकांना काही तोटा नाही. मावशी ती पेटी बाजाराच्या पिशवीत घालायच्या, वरून पालकाची जुडी ठेवायच्या आणि कापडी बूट चढवून ठाण्यात जायच्या. तिथल्या कोठीत ओल आहे का हे भिंतीला हात लावून पाहायच्या, पेटीभोवती डांबराच्या गोळ्या ठेवायला लावायच्या. ठाण्यातला माणूस किल्ली लावून आत डोकवायचा, नंबर ताडून बघायचा आणि पेटी बंद करायचा. तेवढा वेळ मावशी खिडकीबाहेर बघत राहायच्या.

ज्या बाईने माझ्या आईने पाठवलेल्या लाडवांचा डबाही माझ्या आधी उघडून पाहिला, ती स्वतःच्या घरातली ही एक पेटी उघडत नव्हती. मला ते विचित्र वाटायचं, पण विचारायची सोय नव्हती.

मग एका हिवाळ्यात ठाण्यातल्या अधिकाऱ्याने त्यांना समजावून सांगितलं की आता वय झालं, पुढच्या वेळी परवान्याचं नूतनीकरण होणं कठीण आहे. मुदत संपायच्या आत ते विकून टाका नाहीतर जमा करा. त्याच आठवड्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. तिने चौकशी केली होती. एकदाही न वापरलेलं, मूळ पेटीसकट असलेलं तसलं जुनं रिव्हॉल्व्हर म्हणजे संग्राहकांच्या दृष्टीने मोठी चीज. "आई, फक्त त्याला हात लावू नकोस. आहे तसं देऊन टाक."

मावशींनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "मला ते उडवायचंय."

मला वाटलं, चेष्टा आहे. पण त्यांनी सगळं शोधून काढलं होतं. बेहालाच्या पुढे नेमबाजीचा एक क्लब होता, वरच्या मजल्यावरच्या बाईंचा भाऊ तिथला सेक्रेटरी होता, आणि एका सकाळी एक गोळी झाडू द्यायला तो तयार झाला होता. त्याची अट एवढीच, की इतकं जुनं हत्यार आधी बंदुकीच्या दुकानदाराकडून तपासून आणायचं.

मी बँकेतली. मी त्यांना बँकेतल्यासारखंच समजावलं. एक बार काढलात की ते कोरं राहणार नाही, मग ते नुसतं एक जुनं रिव्हॉल्व्हर. इतकी वर्षं जपलंत ते कशासाठी? एका आवाजासाठी सगळं घालवणार?

त्या मटार सोलत होत्या. सोलता सोलता म्हणाल्या, "मी जपलं नाही. मी घाबरले."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं. मुलीलाही सांगितलं नव्हतं.

त्या तेव्हा बजबजला मिलच्या बंगलीत राहत होत्या, मुलगी पाळण्यात होती. रिव्हॉल्व्हर घरात आलं त्यानंतरची ती पहिली खंडेनवमी. मावशींनी ते पेटीतून काढून पाटावर ठेवलं आणि थाटात पूजा केली. दसरा झाला, आणि मिलमध्ये संप चिघळला. "त्यांचंही खरं होतं," मावशी म्हणाल्या. "चुली पेटत नव्हत्या त्यांच्या. पण ते मला मागाहून कळलं." एका दुपारी जमाव बंगलीवर आला. यजमानांनी रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या भरल्या, मावशींच्या डोळ्यांदेखत, आणि कोटाच्या खिशात टाकलं. दार फुटलं. लोकांनी यजमानांना ओढत मिलच्या फाटकापाशी नेलं, उन्हात उभं केलं आणि गळ्यात चपलांची माळ घातली. माळ घालणारा त्यांच्याच हाताखालचा एक फिटर होता. मावशी मुलीला घेऊन खिडकीतून बघत होत्या. यजमानांचा उजवा हात सगळा वेळ खिशात होता.

दिवेलागणीला लोकांनी त्यांना सोडलं. ते घरी आले, रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि चहा मागितला.

"मी काय म्हटलं माहितेय?" मावशींचे हात थांबले होते. "मी माझ्या हातातल्या बांगड्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. म्हटलं, ह्या भरा आणि मग चहा प्या."

यजमानांनी गोळ्या काढल्या, रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलं, कुलूप घातलं. किल्ली कायम त्यांच्या जानव्याला राहिली. पुढच्या नवमीपासून पूजा बंद पेटीची. त्यानंतर दोघांनी तीस वर्षांहून जास्त संसार केला, मुलीचं लग्न केलं, काशीला जाऊन आले. त्या दिवसाचं पुन्हा कधी नाव निघालं नाही. यजमान गेले तेव्हा तो फिटर खांदा द्यायला आला होता. पार म्हातारा झालेला, रडत होता.

"तेव्हापासून डोक्यात किडा आहे," मावशी म्हणाल्या. "त्या हाताने खिशात काय केलं? चाप ओढलाच नाही, की ओढला आणि ते चाललंच नाही? इंग्रजाने बिघडलेलं गळ्यात मारलं असेल तर? एक माणूस असा की ज्याने एवढं होऊनसुद्धा मारलं नाही. दुसरा असा की ज्याने मारायचं केलं आणि फसलं. मी ह्यातल्या कुणाबरोबर राहिले, ते मला माहीत नाही गं. आणि बांगड्या कुणापुढे ठेवल्या, तेही नाही."

रिव्हॉल्व्हर चाललं तर कळणार होतं की त्यांनी चाप ओढला नव्हता. नाही चाललं, तर मरेपर्यंत कळणार नव्हतं. म्हणून इतकी वर्षं धीर झाला नव्हता, आणि आता मुदत संपत होती. मी उरलेले मटार माझ्याकडे ओढले.

धर्मतल्याकडच्या बंदुकीच्या दुकानाचे मालक म्हणजे एक थाटाचा माणूस. रेशमी पंजाबी कुर्ता, केस रंगवलेले, बोटाबोटांत अंगठ्या. पेटी उघडल्याबरोबर त्यांनी 'आहा' म्हणून डोळे मिटले. निळ्या मखमलीत ते काळंशार रिव्हॉल्व्हर पडलं होतं. मावशी माझ्या मागे उभ्या होत्या आणि माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"माशिमा, हे उडवणार?" मालक बंगालीत कळवळले. "ना ना ना. असा तुकडा मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिला. हे बघायचं असतं. माझ्याकडे आत्ता गिऱ्हाईक आहे, बोला."

"आधी तपासा," मावशी म्हणाल्या.

मालकांनी ते मधून दुमडून उघडलं, आत गोळी नाही ना पाहिलं, नळीतून दिव्याकडे पाहिलं. पुन्हा 'आहा' झालं. मग भिंग डोळ्याला लावून, लहान टॉर्चचा उजेड पाडून ते मागच्या भागात बघू लागले, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"ए की! कचरा. हे काय आहे? थांबा." त्यांनी चिमटा घेतला. "माशिमा, तांदूळ! रिव्हॉल्व्हरमध्ये तांदूळ कोण घालतं?"

काउंटरच्या काचेवर त्यांनी एक दाणा ठेवला. जुना, तपकिरी झालेला, एका बाजूला सुकलेलं कुंकू. मला माझ्या लॅपटॉपची करकर आठवली.

मावशींनी काउंटरची कड धरली. "माझ्या अक्षता," त्या मराठीतच म्हणाल्या. मग बंगालीत, अडखळत, "ह्याच्यामुळे... ह्याच्यामुळे ते अडलं असतं? चाललं नसतं?"

मालक हसले. "एवढ्याशा दाण्याने? माशिमा, ह्याची स्प्रिंग बघा. हा मागचा घोडा. चाप ओढला की हा मागे येतो आणि मग पुढे आपटतो. दाणा इथे, घोड्याच्या पाठीमागे कुंकवाने चिकटून बसला होता. घोडा नुसता मागे आला असता तरी ह्याचं पीठ झालं असतं. काही अडलं नसतं."

"पीठ झालं असतं," मावशी म्हणाल्या.

"पीठ."

"आणि हा तर अख्खा आहे."

"अख्खा आहे, म्हणून तर निघाला. आता मी तेल देऊन साफ..." मालक बोलत राहिले. त्यांच्या दृष्टीने ती घाण होती आणि ती निघाली होती, विषय संपला.

मावशींनी त्यांच्या हातातलं भिंग घेतलं. दाण्यावर वाकल्या. बोटाने तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. नारळ, संदेश, फ्रिज, मी, सगळ्यांना त्यांनी असंच तपासलं होतं, पण इतका वेळ कुणालाही नाही. त्या एका नवमीनंतर ते पुन्हा पाटावर आलं नव्हतं. दाणा दुसऱ्या कुठल्या दिवसाचा असूच शकत नव्हता. ती दुपार, ते ऊन, ती माळ, खिशातला तो हात, आणि हा दाणा जागचा हलला नव्हता.

"कुठेच चीर नाही," त्या मला म्हणाल्या. "तू बघ."

मी पाहिलं. चीर नव्हती.

मालकांनी विचारलं, क्लबात कधी जाणार, गोळी कुठली देऊ. मावशींनी मान हलवली. "आता आवाज ऐकून काय करू? तुमच्या त्या गिऱ्हाइकाला बोलवा. कोरं आहे म्हणून सांगा. मी बघितलंय." मालकांना आनंदाने काय करू नि काय नको झालं, त्यांनी आमच्यासाठी थंड पेयं मागवली. मावशींनी कनवटीला खोचलेला छोटा रुमाल सोडला, दाणा त्यात ठेवला आणि गाठ मारली. ती बरोबर बसली आहे का, हे दोनदा ओढून पाहिलं.

टॅक्सीत त्या पार्क सर्कसपर्यंत रुमालाची गाठ चाचपत राहिल्या. मग मोठ्याने रडू लागल्या. ड्रायव्हर आरशातून बघत होता, त्याची त्यांना पर्वा नव्हती. "चुकलं हो माझं," त्या म्हणत होत्या, पण माझ्याशी नव्हे. "चुकलं हो. एवढा चहा मागितला होता तुम्ही." मी त्यांचा हात धरून बसले. मलाही रडू आलं, आणि मी ते थांबवलं नाही.

पुढे रीतसर कागद होऊन रिव्हॉल्व्हर त्या गिऱ्हाइकाकडे गेलं आणि परवाना ठाण्यात परत गेला. मुलीने फोनवर शाबासकी दिली. "न उडवता दिलंस ना? शहाणपणा केलास, आई." मावशी नुसतं हूं म्हणाल्या. कुणी अर्धवट समजून राहिलं तर लगेच पूर्ण करून सांगणारी बाई, पण तेवढं त्यांनी राहू दिलं.

माझ्या बदलीआधीची शेवटची खंडेनवमी त्याच वर्षी आली. बाहेर ढाक वाजत होते. पाटावर विळी, कात्री, अडकित्ता, पाने, पक्कड. मधली पेटीची जागा मात्र रिकामी नव्हती. तिथे चांदीचा एवढासा करंडा होता, झाकण काढून ठेवलेला, आणि त्यात तो दाणा. शेजारी एका कपात चहा होता. मावशींनी करंड्याला हळद वाहिली, कुंकू लावलं. अक्षतांची वाटी उचलली आणि चिमटीत जेमतेम चारदोन दाणे घेतले. ते करंड्यापासून दूर, कापडाच्या कडेला टाकले. मी त्यांच्या हाताला माप आलेलं पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगते, मला ते बघवेना.

मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी लॅपटॉप पाटावर ठेवला आणि उघडायला गेले.

"मिटलेलाच राहू दे," त्या म्हणाल्या. "आत जातात गं."

"जाऊ देत, मावशी," मी म्हटलं, आणि लॅपटॉप सताड उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाटीत हात घातला आणि मूठ भरली.